उघडी कडी

"काकू, चोर बनावट आवाजांतूनच दुकानांच्या फोन-संगणकांत घुसतात. म्हणून नवं सुरक्षा-कवच यंत्राने बनवलेला एकही आवाज ठेवत नाही," कवच बसवायला आलेली शर्वरी म्हणाली. "काकांचा पुसू ना?"

कुसुमचा नवरा दिगंबर जाऊन वर्ष झालं, तरी त्यांच्या मसाल्याच्या दुकानात फोनवर यंत्राने बनवलेला त्याचाच आवाज ऑर्डरी घ्यायचा. कुसुमने मान डोलावली. पण आधी पायरीवर जाऊन तिने स्वतःच्याच दुकानाला फोन लावला.

"बोला, काय पाठवू?" तोच घाईतला आवाज.

"पावशेर कांदालसूण मसाला. तुम्हीच घेऊन या."

"आलोच की. दार तेवढं उघडं ठेवा."

आत येऊन ती म्हणाली, "पूस बाई आता."

दुकानाला कडेकोट कवच बसलं. संध्याकाळी घरी आल्यावर कुसुमने दाराला कडी मात्र लावली नाही.