डोंगर डाव्या हाताला

"दिवस सांगा," राजा म्हणाला, "नाहीतर आम्ही तुमचाच दिवस ठरवतो."

मो चानने पुस्तकाची आणखी एक घडी उलगडली. उगाचच. हवं ते पान केव्हाच समोर आलं होतं. शुक्र सूर्याआड गेला होता. तो पुन्हा ज्या पहाटे पूर्वेला उगवेल ती पहाट लढाईची, हे दरबारात पंखा हलवणाऱ्यालाही ठाऊक होतं. ती पहाट नेमकी कोणती, एवढं मात्र मो चानलाच काढता येत होतं, आणि त्याला ते सांगायचं नव्हतं. लढाई चाखाशी होती. चाखात त्याची मुलगी दिलेली होती.

त्याने आढेवेढे घेऊन पाहिले. शुक्र यंदा रागात आहे, म्हणाला. राजाने विचारलं, कुणावर. पुस्तकात भाकीत होतं की त्या पहाटेनंतर डोंगराकाठचं शहर पडेल. डोंगराकाठी शहरं दोन, उत्तरेला आपलं याशवित्स आणि दक्षिणेला चाखा. त्यातलं कोणतं, याबद्दल पुस्तक गप्प होतं. मो चानने ही अडचण राजाच्या कानावर घातली. राजाला ती अडचण वाटलीच नाही.

"आपण पडणार असतो तर आपल्याच पुस्तकात कशाला लिहिलं असतं?"

"हेच पुस्तक चाखाकडेही आहे, महाराज."

"मग त्यांनी ते वाचून पडायच्या तयारीला लागावं."

दरबाराने माना डोलावल्या. मो चान मात्र आपल्याच बोलण्यावर अडकला. चाखात असे दिवस काढून द्यायचं काम त्याच्या व्याह्यांकडे होतं. व्याह्यांची नजर गेल्यापासून पानं वाचायची ती सूनबाई, म्हणजे इश साक, म्हणजे त्याचीच लेक. तिला मोजायला त्यानेच शिकवलं होतं, मांडीवर बसवून. तारा तोच, पुस्तक तेच, हिशेब तोच. म्हणजे चाखाचं सैन्यही त्याच पहाटे निघणार.

आणि आमच्याकडे, दोन्ही शहरांत, डोंगराला वळसा घालायचा तो त्याला डाव्या हाताला ठेवूनच. पाण्याला जाणारी बाईसुद्धा उलटी जात नाही, सैन्य कुठलं जाणार. याशवित्सचे लोक पश्चिमेच्या वाटेने दक्षिणेला उतरतील. चाखाचे लोक पूर्वेच्या वाटेने उत्तरेला चढतील. मधे डोंगर. दोघांची गाठ पडणारच नाही.

मो चानचं मन एकदम हलकं झालं. रिकाम्या शहरात लढाई होत नाही, असं त्याचं मत होतं. दोन्ही सैन्यं पोचतील, समोर कुणीच नाही हे बघून ओशाळतील, चार रांजण फोडतील आणि घरी येतील. त्याने लढाई कधी पाहिली नव्हती. दिवस काढून देणाऱ्याला जावं लागत नाही.

त्याने पहाट सांगितली.

शुक्र सांगितल्या पहाटे उगवला. राजा खूश झाला, शंख वाजले आणि सैन्य पश्चिमेच्या वाटेने गेलं. मागे म्हातारे, बायका, पोरं आणि टर्की उरल्या. एका कुंभारणीने मो चानला विचारलं की आमची माणसं परत कधी. तो म्हणाला, काळजी करू नकोस, यावेळी कुणाला ओरखडाही उठणार नाही. ती म्हणाली, तुमच्या तोंडात कोकोचा फेस पडो. मग तो देवळाच्या पायऱ्यांवर जाऊन बसला आणि वाट बघू लागला.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा पूर्वेच्या वाटेवर शंख वाजला. चाखावाले आले होते, हिशेबाप्रमाणे. क्षणभर मो चानला बरं वाटलं. हिशेब जुळला की त्याला बरं वाटायचं.

चाखावाल्यांनी आधी छपरं पेटवली. मग ते घराघरांत शिरले, माणसांना केस धरून बाहेर ओढू लागले आणि एका दोराला बांधू लागले. ती कुंभारीण दोरात तिसरी होती. ओशाळलेला त्यांच्यात एकही दिसेना.

जग्वारचं कातडं पांघरलेला एक सरदार पायऱ्या चढून आला. त्याने विचारलं, मो चान तुम्हीच का. मो चानने हो म्हटलं. सरदाराने त्याचे पांढरे केस मुठीत धरले, पण अगदी हलके, कुणाची उसनी आणलेली वस्तू धरावी तसे. खालून एक शिपाई दोर घेऊन धावत आला. सरदाराने त्याला हाकललं. याला हात लावायचा नाही, म्हणाला, हा सांगून ठेवलेला माणूस आहे.

"आजोबा, तुमची लेक मोठी हुशार," सरदार त्याच्या शेजारी बसत म्हणाला. त्याने केस सोडले नव्हते. "म्हणाली, वाटेत कुणी भेटणार नाही, सरळ जा. वर पायऱ्यांवर एक म्हातारा असेल, भर दुपारी आकाशाकडे बघत. त्याचे केस आधी तुम्ही धरा, म्हणजे दुसरा कुणी धरणार नाही. त्याबदल्यात गळ्यातला पाचू काढून दिला तिने."

मो चानला रडू आलं. तिने एक पायरी पुढचा हिशेब केला होता, आणि याचा त्याला त्या रडण्यातही अभिमान वाटला.

"रडताय कशाला?" सरदार समजुतीने म्हणाला. "तीही सुखरूप असेल आता. तिच्यासाठी तुम्ही कुणाला सांगून ठेवलंत? तुमच्यातला कोण?"

डोंगरापलीकडून धूर वर येत होता. वेळ अगदी बरोबर होती.

"मी?" मो चान म्हणाला. "मी फक्त दिवस सांगितला."