सोळा घड्यांचं पातं

“लोहारबुवा, तुमच्या तलवारीला खाच पडली!” सामुराईने पातं पुढे केलं.

म्हातारा हसला. तो दोन्ही सैन्यांना तलवारी विकायचा. पोलादाला पक्ष नसतो, म्हणायचा. “दगडावर आपटली असेल. माझ्या पोलादावर दुसऱ्या कुणाचं पोलाद ओरखडाही काढत नाही.”

“दगड कसला? समोर एक पोरगा होता. मारला मी त्याला. पण मरता मरता ही खाच पाडून गेला.”

म्हाताऱ्याने खाचेवरून अंगठा फिरवला. पोलाद तापवून जितक्या घड्या घालाव्यात, तितकं पातं कणखर. गिऱ्हाइकांसाठी तो बारा घड्या घालायचा. सोळा घड्यांचं पातं त्याने एकच घडवलं होतं, लढाईवर निघालेल्या मुलासाठी.

आतून बायकोने विचारलं, “आपल्या पोराचं काही कळलं का हो?”

“त्याची तलवार चांगली निघाली,” तो म्हणाला.