बसस्टॉपवरची शाल

चार वर्षांची टर्म संपली म्हणून मराठी मंडळाने नगरसेविका कादंबरी हिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठेवला. अध्यक्ष शैलेंद्र माइकवर तिचं तोंडभरून कौतुक करत होता. ती धुमसत होती. ट्रुगानिना या ऑस्ट्रेलियन उपनगरातल्या बसस्टॉपवरच्या छपरासाठी ती टर्मभर कौन्सिलमध्ये भांडली. मुलांकडे भारतातून आलेले आईबाबा गाडी चालवत नाहीत. चाळीस डिग्रीत नुसत्या खांबापाशी ताटकळतात. "आमच्या घरासमोरचा व्ह्यू जाईल," अशी हरकत घेऊन छप्पर हाणून पाडलं कुणी? स्टॉपलगत राहणाऱ्या याच शैलेंद्रने! "दोन शब्द बोल ना," तो म्हणाला. "चार वर्षं घसा फोडला, तेव्हा कान फुटले होते तुझे?" ती कडाडली आणि शाल उचलून तडक बसस्टॉपवर गेली. एक टोक खांबाला बांधलं, दुसरं शैलेंद्रच्या कुंपणाला. "चार वर्षांत का नाही केलंस गं हे?" म्हणत स्टॉपवर ताटकळणाऱ्या सर्वांआधी सावलीत शिरल्या त्या शैलेंद्रच्याच आई.