अग्निराजची कमजोरी

२०२१ साली शाळा बंद होत्या, तेव्हा नात श्रियाने मला तिच्या मोबाइलवरच्या ग्रुपात घेतलं. तिथे प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि लिहून लिहून लढायचं. शेजारच्या पियुषचा अग्निराज ना आगीने मरे, ना मंत्राने. बाकीची पोरं कंटाळली.

मी लिहिलं, "पियुष, त्याले एखादी तरी कमजोरी दे रे, नाहीतर खेळात काय मजा?"

"हौ आजी. बाबा रागावले की त्याची सगळी ताकद जाते."

माझ्या जादूगारणीने लगेच बाबांचा आवाज काढला, "तेरे से कुछ नहीं होगा, बैठ जा."

"आजी, तुमाले कसं मालूम? माहे बाबा सेम असंच म्हणतात," एवढं लिहून पियुष ग्रुपातून निघून गेला.

श्रिया आता जबलपूरला कॉलेजात आहे. पियुष इथेच बालाघाटात असतो, पण कुठल्याच खेळात उतरत नाही.

त्याचा बाप माणिक मात्र रस्त्यात दिसला की आजही वाकून माझ्या पाया पडतो. बैहरच्या शाळेत चौथीला मी त्याची बाई होते; 'तेरे से कुछ नहीं होगा' हे वाक्य त्याला रोज मीच ऐकवत असे.