निरोगी नमुना

धाकटीला तुलनेसाठी निरोगी हिरडीचा तुकडा मिळाला की तिची डॉक्टरेट पक्की होती, आणि त्या बदल्यात दादाची दाढ फुकटात निघणार होती. तोंडाच्या कॅन्सरमध्ये पेशींतली रसायनं कशी बदलतात आणि त्यावरून तो आधीच कसा ओळखायचा, हा तिचा विषय.

“अक्कलदाढ नेतेस, अक्कल तरी ठेव गं,” दादा हसला.

तपासणीनंतर आलेखावर त्याचा नमुना नेमका कॅन्सरवाल्यांत जाऊन बसला. मार्गदर्शक सरांनी विचारलं, “हा इथे कसा?”

“आमचा दादा आहे तो, सर. त्याला काय धाड भरलीय! नळ्या बदलल्या असतील.”

तिने तो नमुना वगळला. आलेख सुबक झाला, प्रबंध गाजला: गाठ दिसण्याआधीच ही पद्धत कॅन्सर ओळखते.

वर्षाच्या आत दादाच्या हिरडीवर गाठ आली. पद्धत एकदाही चुकली नव्हती. धाकटी डॉक्टर झाली. जबडा दादाचा गेला.