पोटातलं पांढरं पाणी

"फॅट किती लागली?"

आदिनाथच्या पोटातून काढलेलं पाणी बाटलीत दुधासारखं पांढरंशुभ्र दिसत होतं. वीस वर्षं गावच्या डेअरीवर दूध तपासणाऱ्या या माणसाला दुसरं काही सुचलंच नाही. डॉक्टर लीना हसल्या. विजयमालाला मात्र नवऱ्याचा रागच आला. महिनाभर तिला घास गोड लागला नव्हता. त्याचं पोट फुगत चाललं होतं, भावकीत गाठीची कुजबुज सुरू झाली होती, आणि हा बाबा फॅट विचारतोय!

"भरपूर लागली," डॉक्टर म्हणाल्या. "जेवणातली चरबी आतड्यातून बारीक वाहिन्यांनी पुढे जाते. त्या वाहिन्या तुंबल्या किंवा फुटल्या, की हे पाणी पोटात साचतं."

"कशानं तुंबत्यात?" विजयमालाने विचारलं. खरं तर तिला उत्तर नकोच होतं.

"गाठीने. टीबीने. लिव्हर बिघडल्याने. यांचं लिव्हर चांगलं आहे, टीबी निघालेला नाही. स्कॅनमध्ये गाठही दिसत नाही, पण एखादी लपलेली असू शकते. कारण सापडत नाही, म्हणून पुण्याला पाठवते. पोट उघडून बघतील."

विजयमाला मटकन स्टुलावर बसली.

"जोराचा मार लागला तरी वाहिनी फुटते," डॉक्टर म्हणाल्या. "दोनदा विचारलंय, आता शेवटचं विचारते. पोटाला काही लागलं होतं का, आदिनाथराव?"

"न्हाई." तो म्हणाला खरा, पण आधी बायकोकडे बघून.

बावीस वर्षांच्या संसारात ही नजर तिला पाठ झाली होती. बाजारातून चोरून भजी खाऊन आला की तो अस्साच बघायचा.

"अहो, माज्याकडं बघा. काय लपवताय?"

आदिनाथने मान खाली घातली. "तुजी म्हैस..."

"तिनं काय केलं?"

"तू म्हायेरी गेल्ती तवा मी धार काढाया बसलो. पोटात लाथ घातली तिनं. चार दिस दुखलं, मग थांबलं. घोडेगावच्या बाजारातनं तू लई हौसेनं आनलेली. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी इकली असतीस. अन् लाथेनं पोटात असलं पानी साचतं, हे मला काय म्हाईत!"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "किती दिवस झाले?"

"दोन महिनं."

"मग सगळं जुळतंय. पुण्याची घाई नको. तेल, तूप, साय एकदम बंद. फुटलेली वाहिनी बहुतेक आपोआप भरून येईल. मी लक्ष ठेवते."

विजयमालाला रडू फुटलं, आणि रडता रडताच हसू आलं. एवढा आनंद तिला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. तिने भर दवाखान्यात नवऱ्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तेवढ्यात मोबाईल वाजला. घरून लेक, धनश्री, विचारत होती, "आई, काय सापडलं गं? गाठ हाय का?"

"गाठबिठ काय न्हाई! आपल्या म्हशीनं लाथ मारलीय तुज्या बापाला!" विजयमाला डोळे पुसत ओरडली. "आधी गोठ्यात जा. तिला कुंकू लाव, ओवाळ, अन् आज डबल पेंड घाल!"