पुठ्ठ्यावरचा डाग

मोटारसायकलखालच्या पुठ्ठ्यावर रोज सकाळी तेलाचा डाग पडायचा. रुंदी बरोबर चार सेंटिमीटर.

माझे पती योगीराज यांना जाऊन वर्ष झालं. गळती थांबली की गाडी विकू, असं मी म्हणत होते. गॅस्केट बदललं, तळाच्या नटाचा वायसर बदलला. डाग तेवढाच. परवा मी सगळं तेल काढून इंजिन कोरडं केलं. आता गळायला काही उरलं नव्हतं.

आज नव्या पुठ्ठ्यावर डाग होता. चार सेंटिमीटर. मी बोट लावलं. तेल गरम होतं, गाडी नुकतीच लांबून आल्यासारखं.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "अगं, जळकोटचं गिऱ्हाईक येऊन बसलंय. वर्षभर नुसतं बघू-बघू! इकायची का न्हाय, एकदाचं बोल की."

"विकायची नाही, आई," मी म्हणाले. "चावी त्यांच्या खुंटीवरच राहू द्या."